शेक संपल्यावर रक्तवाहिन्यांत काय चालतं?

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात मोबाइलवरून एक काढा फिरतो. लिंबू, आलं, लसूण, व्हिनेगर उकळायचं, मध घालायचा, रोज सकाळी चमचाभर घेतला की 'हृदयाचे ब्लॉकेज विरघळतात'. ज्यांच्या बागेत ठिबक आहे त्यांना हे चटकन पटतं. नळीत क्षार साचले, ड्रीपर बंद पडले, की ॲसिड सोडून लॅटरल धुऊन काढतात. रक्तवाहिनीचंही तसंच असणार! आता हाच काढा लहानपणी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या पोरांनाही पाजतात, कारण 'शेक घेतलाय, अंगात उष्णता साचली असेल'. शेक म्हणजे इथे कॅन्सरवरचे किरणोपचार, रेडिएशन. ओळखीतल्या एका आप्पांनी नातवाबद्दल मला विचारलं, "आते त्याले काय थंड देऊ, भाऊ?"

आधी उष्णतेचा हिशोब. किरणांचा डोस ग्रे या एककात मोजतात. एका किलो ऊतीने १ ज्यूल ऊर्जा शोषली, की झाला १ ग्रे. एका दिवसाचा डोस साधारण २ ग्रे किंवा त्याहून थोडा कमी. शाळेतलं विशिष्ट उष्म्याचं गणित मांडून पाहा, तापमान वाढतं ते एका अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाने. एवढी वाढ तर घोटभर कोमट चहानेही होते. शिवाय बाहेरून मशीनने दिलेले किरण मशीन बंद होताच संपतात, अंगात काही साठून राहत नाही. सब्जा उन्हाळ्यासाठी चांगलाच, पण इथे त्याचं काम नाही.

इजा होते ती पेशींच्या डीएनएला. कॅन्सरच्या पेशी भराभर विभाजित होतात, म्हणून त्या लवकर मरतात. किरणांच्या वाटेत रक्तवाहिन्याही येतात, आणि त्यांच्या आतल्या बाजूला एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एन्डोथेलियम. हे अस्तर माझ्या विशेष आवडीचं, तेव्हा थोडं लांबण लावतो.

१९८० पर्यंत त्याला फार कुणी विचारत नव्हतं. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर ॲसिटिलकोलीन या रसायनाचा परिणाम पाहत होते. कधी तुकडा सैल पडे, कधी उलट आकसे. शेवटी उलगडा झाला. तयारी करताना ज्या तुकड्यांचं अस्तर घासून निघालं होतं, ते सैल पडतच नव्हते. म्हणजे 'सैल हो' हा निरोप स्नायूला अस्तराकडून जात होता. तो निरोप्या निघाला नायट्रिक ऑक्साइड, अवघ्या दोन अणूंचा वायू, काही सेकंदांत नाहीसा होणारा. १९९८ चं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं ते याच कामासाठी.

रक्ताचा प्रवाह घासून जातो, ते अस्तराला जाणवतं. मग ते आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. वाहिनी रुंदावते, रक्तबिंबिका (प्लेटलेट) चिकटत नाहीत, पांढऱ्या पेशीही घसरून पुढे जातात. किरणांनंतर अस्तराच्या काही पेशी मरतात, तर काही मरत नाहीत आणि विभाजितही होत नाहीत. अकाली म्हाताऱ्या होऊन जागीच बसतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं उपद्रवी रूप वाढतं, ते नायट्रिक ऑक्साइडला गाठून पेरॉक्सिनायट्राइट हे घातक रसायन बनवतं. त्यामुळे टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा मदतनीस रेणू खर्ची पडतो, आणि त्याच्याविना नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर (एन्झाइम) स्वतःच सुपरऑक्साइड बनवू लागतं. राखणदारच चोराला सामील! मग अस्तर चिकट होतं, मोनोसाइट या पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात, कोलेस्टेरॉल गिळून फुगतात, भिंत जाड आणि ताठ होते.

थोडक्यात, बिघाड भिंतीच्या आतला आहे. काढ्याने धुऊन काढण्यासारखं तिथे काही नसतं.

याला वर्षं लागतात, कारण अस्तराच्या पेशी अतिशय सावकाश विभाजित होतात आणि डीएनएची मोडतोड बहुधा विभाजनाच्या वेळीच उघड होते. शेक कुठे दिला यावर बरंच ठरतं. छातीवर दिला असेल तर हृदयाच्या धमन्या, मानेवर असेल तर मेंदूकडे जाणाऱ्या. पोटावर दिला असेल तर मूत्रपिंडाची धमनी अरुंद होऊन रक्तदाब चढू शकतो.

अमेरिका-कॅनडात १९७० ते १९८६ या काळात लहानपणी कॅन्सरचं निदान झालेल्या आणि निदानानंतर किमान पाच वर्षं जगलेल्या चौदा हजारांहून अधिक जणांची तुलना भावंडांशी केली गेली. भावंडंच का, तर घर, खाणं, आनुवंशिकता बरीचशी सारखी. हार्ट ॲटॅकचं प्रमाण भावंडांच्या सुमारे पाचपट निघालं. घाबरू नका, तरुण वयात भावंडांचा आकडाच इतका लहान असतो, की पाचपट होऊनही बहुतेकांना ॲटॅक आलेला नव्हता. शिवाय ते उपचार जुने. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, डोक्याला सरसकट दिला जाणारा शेक आता बहुतेक मुलांना लागत नाही. आणि शेक टाळला असता, तर यातली कितीतरी पोरं आज दिसलीच नसती.

छातीवर शेक झालेल्याला पुढे उच्च रक्तदाब जडला, तर धोका दोहोंच्या बेरजेपेक्षाही जास्त वाढतो, हेही अशाच पाहणीत दिसलं. म्हणून पोरगं कितीही धडधाकट दिसलं तरी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल नियमित पाहायचं. टपरीवरच्या पुड्या आणि बिडी त्याच्यासाठी इतरांपेक्षा जास्त घातक, कारण त्यांचा मारा याच अस्तरावर असतो.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९९१ पासून उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक चालतं. सगळ्यांना भुसावळहून गाडी पकडून दरवेळी परळ गाठणं जमत नाही. मग निदान फाइल तरी जपा. शेक कोणत्या भागावर, एकूण किती ग्रे, आणि केमोत डॉक्सोरुबिसिनसारखं हृदयावर परिणाम करणारं औषध होतं का, एवढं त्यात असतं. ती हरवली असेल तर जिथे शेक घेतला त्या विभागाकडे उपचाराचा गोषवारा लेखी मागा. जळगाव-धुळ्याचा फिजिशियन तो पाहून इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी करायचा, मानेच्या धमनीचं डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लागेल का, हे ठरवू शकतो.