‘आले का पैसे?’ : दुकानदाराच्या ऑनलाइन गल्ल्यामागची पार्श्वभूमी

संध्याकाळची गर्दी, गल्ल्यासमोर चार-पाच गिऱ्हाइकं. एक जण मोबाइल पुढे करून हिरवी टिक दाखवतो. दुकानदार त्या खुणेकडे बघतही नाही, त्याचा कान बरणीमागच्या साउंडबॉक्सकडे असतो. ‘दोनशे दहा रुपये प्राप्त झाले’ असं ऐकू आलं की मगच तेलाची पिशवी काउंटरवरून सरकते. त्या दोन-तीन सेकंदांच्या थांबण्यामागे मोठा इतिहास आहे. पैसे मिळाल्याची खात्री पैसे देणाऱ्याच्या हातून घ्यायची नाही, ती दुसऱ्या वाटेने यायला हवी, हे व्यापाऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

हुंडी म्हणजे एका गावच्या पेढीत पैसे भरून दुसऱ्या गावी ते घेण्याची चिठ्ठी. हुंडीच्या काळात ही दुसरी वाट म्हणजे पत्र. हुंडी लिहिणारी पेढी ती गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची आणि ज्या गावच्या पेढीवर हुंडी केली, तिला रक्कम आणि मुदत कळवणारं पत्र वेगळं टाकायची. हुंडी आणि पत्र जुळलं की रक्कम मोजायची. शाहजोग हुंडीत आणखी एक कडी होती. तिचे पैसे शाहाकरवीच, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्याकरवीच मिळत, आणि हुंडी पुढे चोरीची किंवा बनावट निघाली तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. हुंडी हरवली तर ‘पेठ’, पेठही हरवली तर ‘परपेठ’ लिहून मिळे. खात्री कशी करायची आणि बुडालेली रक्कम कोणाच्या वहीत मांडायची, ही दोन्ही उत्तरं आधीच ठरलेली असायची. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण पुढे इंटरनेटवर व्यवहार सुरू झाले तेव्हा नेमकी हीच दोन उत्तरं हरवलेली होती.

भारतात सेंट्रल बँकेने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड आणलं. तेव्हा दुकानात कार्ड घासण्याचं हातयंत्र असायचं. कार्ड खाली, कार्बनची पावती वर, आणि दांडा इकडून तिकडे ओढला की उठावदार आकडे कागदावर उमटायचे. रक्कम मोठी असेल तर बँकेला फोन लावायचा आणि चोरीच्या कार्डांचे क्रमांक छापलेली पुस्तिका चाळायची. काम किचकट होतं, पण माणूस समोर होता, कार्ड हातात होतं, सही ताडून बघता येत होती.

वेबवरच्या दुकानात यातलं काहीच उरलं नाही. गिऱ्हाईक म्हणजे नुसता टाइप केलेला सोळा आकडी क्रमांक. १९९०च्या दशकात ब्राउझर आणि दुकान यांच्यातली माहिती सांकेतिक करण्याची सोय झाली, त्यामुळे वाटेत कोणी क्रमांक चोरण्याची भीती कमी झाली. तरी क्रमांक टाइप करणारा कार्डाचा खरा मालक आहे की नाही, हे त्यातून कळत नव्हतं. कार्ड कंपन्यांच्या नियमांत, कार्ड समोर नसताना झालेल्या फसवणुकीचा भुर्दंड सहसा दुकानदारावर. खऱ्या मालकाने तक्रार केली की रक्कम उलटी खेचली जायची. यालाच चार्जबॅक म्हणतात. माल गेलेला, पैसेही गेलेले आणि वर बँकेचं शुल्क. पाठीमागचा तीन आकडी सीव्हीव्ही हा त्यावरचा एक उपाय. पुढे २००१ च्या सुमारास पासवर्ड विचारणारं वेगळं पान आलं. त्या पानावर ओळख पटली तर पुढची जोखीम बहुतांशी बँकेकडे जाई. पण पासवर्ड आठवला नाही की गिऱ्हाईक भरलेली टोपली टाकून निघून जायचं, म्हणून अमेरिकेतले बरेच दुकानदार त्या पानाच्या वाटेला गेले नाहीत.

भारतात हे दुकानदाराच्या मर्जीवर सोडलं नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये परिपत्रक काढलं आणि त्याच वर्षी १ ऑगस्टपासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला कार्डावर न छापलेली आणखी एक खूण सक्तीची केली. त्यातूनच मोबाइलवर येणारा ओटीपी घरोघर पोचला. धंदेवाईकांची कुरकुर झाली, कारण नेटवर्क गेलं की व्यवहार अर्ध्यावर अडकायचा. २०१४ मध्ये उबरने पैसे परदेशातून वळवून ही दुसरी पायरी टाळली होती. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टमध्ये तंबी दिली आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत ती वाट बंद करायला लावली. त्या वेळी या नियमाला मागास म्हणणारे पुष्कळ होते. माझ्या मते छोट्या दुकानदाराला ऑनलाइन धंदा करण्याचं बळ त्याच नियमाने दिलं.

चोरांनीही मग रोख बदलला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. कार्डाच्या व्यवहाराला ‘होय, द्या’ असं उत्तर देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरट्यांनी तोतया यंत्रणा बसवली. मग २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत राहिले आणि खरी यंत्रणा अंधारात राहिली. होकारच खोटा असला तर पुढे कोणीच अडवू शकत नाही, हे तेव्हा पुण्यातल्या ठेवीदारांना कळलं. कार्डाचे क्रमांक दुकानांच्या संगणकांत साठवून ठेवण्याची मुभाही पुढे गेली. १ ऑक्टोबर २०२२ पासून तिथे फक्त टोकन, म्हणजे क्रमांकाच्या जागी दिलेला बदली आकडा ठेवायचा, जो चोरला तरी दुसरीकडे चालत नाही.

तोवर कोपऱ्यावरच्या दुकानात कार्ड मागे पडलं होतं. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत यूपीआयची घोषणा झाली, नोव्हेंबरात नोटाबंदी आली. त्या डिसेंबरात महिन्याचे व्यवहार जेमतेम २० लाख होते, ऑगस्ट २०२५ मध्ये ते २,००० कोटींवर गेले. जानेवारी २०२० पासून दुकानदाराला यावर शुल्कही राहिलं नाही. भाजीवाल्या मावशींपासून सोनारापर्यंत सगळ्यांकडे क्यूआरचा स्टिकर लागला. यात पैसे दुकानदार घेत नाही, गिऱ्हाईक पाठवतं. म्हणजे पावती आधी गिऱ्हाइकाच्याच पडद्यावर उमटते. तिथेच फट राहिली. जुना स्क्रीनशॉट दाखवणारे आले, मग रक्कम आणि दुकानाचं नाव टाकलं की हुबेहूब हिरवी टिक दाखवणारी बनावट ॲप आली. गर्दीच्या वेळी दुकानदाराला स्वतःचा मोबाइल उघडून मेसेज बघायला सवड नसते. साउंडबॉक्सने ही अडचण सोडवली. त्यात स्वतःचं सिमकार्ड असतं आणि निरोप थेट सर्व्हरकडून येतो, गिऱ्हाइकाच्या मोबाइलशी त्याचा संबंध नसतो. हुंडीमागून येणाऱ्या पत्राचंच हे काम.

स्टिकरच बदलला तर मात्र पत्रही चुकीच्या पेढीवर जातं. जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत रातोरात दुकानांवरचे आणि पेट्रोल पंपावरचे क्यूआर बदलले गेले. गिऱ्हाइकांनी प्रामाणिकपणे दिलेले पैसे भलत्याच खात्यात गेले.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागते ती वेगळी गोष्ट. पैसे खरोखर आले, साउंडबॉक्स बोलला, माल दिला, आणि काही दिवसांनी खातंच गोठलं. कारण ती रक्कम कुठल्या तरी सायबर फसवणुकीतून हातोहात फिरत इथवर आलेली. २०२३ मध्ये केरळात अनेक छोट्या व्यावसायिकांवर ही पाळी आली. किरकोळ रकमेपायी कुलूप सगळ्या खात्याला. त्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की संशयित रकमेपुरतीच अडवणूक करावी, बाकी खातं चालू ठेवावं. न्यायालयाचं हे म्हणणं मला मनापासून पटतं, कारण पैसे कुठून आले हे विचारण्याचं कुठलंही साधन दुकानदाराच्या हातात दिलेलं नाही.

आमच्या गल्लीतल्या किराणावाल्या काकांनी यावर आपली रीत बसवली आहे. सकाळी शटर वर केलं की स्वतःच्या मोबाइलवरून स्टिकरवर एक रुपया पाठवतात आणि आवाज येईपर्यंत पहिलं गिऱ्हाईक घेत नाहीत. रात्री क्यूआरच्या खात्यातली दिवसभराची रक्कम दुसऱ्या खात्यात वळवतात, कारण सकाळी घाऊक व्यापाऱ्याला द्यायचे पैसे त्यातूनच जायचे असतात.