जांघेतली गाठ आत जाईना, तर

खानापूरच्या वीटभट्टीवर, निपाणीच्या तंबाखू वखारीत, चिकोडीकडच्या ऊसफडात जड उचलणाऱ्या कुणाच्या जांघेत गाठ असणं नवलाचं नाही. खोकलं की पुढे येते, आडवं झालं की आत जाते. हाच अंतर्गळ, म्हणजे हर्निया. दुखत नाही, म्हणून ‘हंगाम संपू दे, मग बघू’ म्हणता म्हणता वर्षं जातात.

पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतड्याचा वेढा बाहेर येतो. एखाद्या दिवशी तो तिथेच अडकतो आणि भोकाची कड त्याला आवळते. शिरांच्या भिंती मऊ आणि आतला दाब कमी, त्यामुळे आधी त्या मिटतात. धमन्या मात्र रक्त ढकलतच राहतात. आलेलं रक्त परत जाईना, म्हणून आतडं सुजतं; सुजलं की फास आणखी घट्ट होतो. शेवटी धमन्याही बंद पडतात. मग साधारण ६ तासांत आतडं मरू लागतं. ते फुटलं, तर घाण आणि जंतू पोटभर पसरतात, तिथून रक्तात जातात. यात माणूस दगावतो.

गाठ कडक झाली, आत जाईना, कळ थांबेना, उलट्या लागल्या, पोट फुगलं, वारा सरेना, तर सकाळची वाट पाहू नका. गाठ जोराने आत दाबू नका, शेकू नका, जुलाब देऊ नका, तोंडाने काही खाऊ-पिऊ घालू नका. १०८ ला फोन करा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात रस्त्यातच वेळ जातो, तिथल्यांनी तर आणखी लवकर निघावं. आणि शौचाला झाली म्हणजे धोका टळला, असंही नाही: कधी आतड्याच्या भिंतीचा एकच भाग अडकतो, वाट मोकळी राहते आणि तो भाग आत सडत असतो.

बायकांबद्दल मला जास्त काळजी वाटते. जांघेच्या खालच्या बाजूला येणारा अंतर्गळ त्यांच्यात अधिक आढळतो. त्याचं तोंड अरुंद, म्हणून तो फार लवकर आवळला जातो. गाठ मात्र सुपारीएवढीच असू शकते, आणि लाजेपायी ती घरातही सांगितली जात नाही.

वेळेत पोहोचलं, तर सर्जन फास सोडवून आतड्याला गरम ओला कपडा लावतात. रंग गुलाबी झाला, हालचाल दिसली, की ते पोटात परत ठेवतात. काळंच राहिलं, तर तेवढा तुकडा कापून टोकं जोडावी लागतात.