संकल्पाला जामीन कोण?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे रंकाळ्यावर चालायला जागा पुरत नाही. नवे बूट, नवे ट्रॅकसूट, मनगटावर पावलं मोजणारी घड्याळं. संक्रांत उलटली की नेहमीचे चेहरे तेवढे उरतात. यात कोल्हापूरकरांचा खास दोष नाही. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या व्यायामशाळेच्या नोंदी तपासल्या होत्या. आठवडा, महिना किंवा सत्र सुरू झालं की विद्यार्थ्यांची हजेरी वाढायची. वाढदिवसानंतरही वाढायची, अपवाद फक्त एकविसाव्या वाढदिवसाचा. तिकडे त्या वयात दारू पिण्याची कायदेशीर मुभा मिळते, तेव्हा जास्त खोलात जायला नको. नवी तारीख आली की आतापर्यंतचा आळस मागच्या खात्यावर टाकता येतो आणि उत्साह येतो. पण तारीख फक्त सुरुवात करून देते.

ध्येय कसं असावं, यावर एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर काम केलं. ‘जमेल तेवढं कर’ असं सांगितलेल्या माणसापेक्षा ठरावीक आणि थोडं अवघड लक्ष्य मिळालेला माणूस जास्त काम करतो, हा त्यांच्या कामाचा गाभा. १९७५ चा एक अभ्यास ओक्लाहोमातल्या लाकडाच्या ट्रकांवर झाला. चालक कायदेशीर मर्यादेच्या साधारण ६० टक्केच माल भरायचे. त्यांना ९४ टक्क्यांचं लक्ष्य दिलं. जादा पैसे नाहीत, बक्षीस नाही. काही महिन्यांत भरणा ९० टक्क्यांच्या आसपास गेला आणि तिथेच टिकला. आपल्याकडच्या उसाच्या ट्रॉल्यांना असं लक्ष्य द्यायची वेळ कधी येणार नाही, त्यांची अडचण नेमकी उलटी आहे. आणि धोका तिथेच आहे. नुसत्या टनाकडे बघणाऱ्याला टायर दिसत नाही. लिसा ऑर्डोनेझ आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हाच इशारा दिला: आकड्याचं लक्ष्य नजर अरुंद करतं, आणि आकड्यात न बसणाऱ्या गोष्टी मागे पडतात.

शिवाय ट्रकला एकच काम असतं, माणसाला चार. समजा, कसबा बावड्यात राहणारा, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कामाला जाणारा चाळिशीचा एक माणूस आहे. त्याला पोट कमी करायचंय. मुलीच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकायचेत. ती यंदा दहावीला आहे, तिचा अभ्यास रोज घ्यायचाय. आणि सुपरवायझर व्हायचं तर अर्धवट राहिलेला डिप्लोमा पुरा करायचाय. चारही गोष्टी रास्त. पण पैशाची सोडली तर बाकी तिन्ही संध्याकाळच्या त्याच दोन तासांवर टपून बसल्यात, आणि शिफ्ट तर दर आठवड्याला बदलते.

रॉबर्ट एमन्स आणि लॉरा किंग यांनी १९८८ मध्ये अशाच ओढाताणीचा अभ्यास केला. ज्यांची ध्येयं एकमेकांच्या आड येतात, ती माणसं त्या ध्येयांबद्दल विचार जास्त करतात आणि काम कमी. त्यांच्या तब्येतीच्या तक्रारीही जास्त असतात. एमी डाल्टन आणि स्टीफन स्पिलर यांचा २०१२ चा निष्कर्ष तर वही-पेन घेऊन बसणाऱ्यांना चटका देणारा आहे. एकाच ध्येयासाठी बारीक योजना आखली की फायदा होतो. सहा ध्येयांसाठी सहा योजना आखल्या की तो फायदा निघून जातो, कारण हे सगळं किती अवघड आहे ते कागदावर दिसायला लागतं आणि मन आधीच माघार घेतं. संतुलन म्हणजे प्रत्येक ध्येयाला रोज सारखा वाटा, हा समज मला म्हणूनच मुळात चुकीचा वाटतो. एका वेळी एकाचीच बारीक आखणी करावी. बाकीच्यांना तोवर स्वतःच्या इच्छाशक्तीखेरीज दुसरा कुणीतरी जामीनदार शोधावा.

आधी आखणीचं बघू. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांची यावरची पद्धत फारच साधी आहे: ‘जर अमुक झालं, तर मी तमुक करीन’ असं वाक्य आधी ठरवून ठेवायचं. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. एका वाक्याच्या मानाने हे भरपूर आहे. आपल्या फाउंड्रीवाल्याला ‘रोज सहा वाजता चालणार’ हे वाक्य उपयोगाचं नाही, कारण त्याचे सहा दर आठवड्याला वेगळ्या ठिकाणी वाजतात. त्याला घड्याळापेक्षा घटना धरावी लागेल. ‘घरी आल्यावर रिकामा डबा मोरीत ठेवला की चप्पल न काढता राजाराम बंधाऱ्याकडे निघायचं.’ सेकंड शिफ्ट रात्री उशिरा सुटते, त्या आठवड्याची खूण वेगळी: सकाळी मुलगी शाळेला गेली की निघायचं. दोन वाक्यं झाली, पण काम एकच.

हे अंगवळणी पडायला किती दिवस लागतील? ‘एकवीस दिवस’ हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकाकडे जातो. शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. यातला ‘किमान’ वाटेत कुठेतरी गळाला आणि चेहराही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना बारा आठवडे रोज एक नवी गोष्ट करायला लावली, तेव्हा ती आपोआप व्हायला लागायचा मध्यक काळ ६६ दिवस निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला. एखादा दिवस चुकला म्हणून सवय विस्कटत नाही, हेही त्यात दिसलं, आणि मला तर यातली हीच गोष्ट सगळ्यात कामाची वाटते.

कारण माणूस खचतो तो चुकलेल्या दिवसामुळे नव्हे, त्या दिवसाच्या हिशेबामुळे. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ साली एक मजेदार प्रयोग केला. जेवणावर ताबा ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम समोर ठेवलं. मिल्कशेक प्यायलेल्यांनी आइस्क्रीम कमी खायला हवं होतं, पण त्यांनी जास्त खाल्लं. रविवारी पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी झाली की ‘आता मोडलंच आहे, तर उद्यापासून बघू’ म्हणत चौथी घेतली जाते, तोच हा प्रकार.

यावरचा उपाय मरिसा शरीफ आणि सुझन शू यांनी २०१७ मध्ये तपासला. एका गटाला आठवड्याचे सातही दिवस काम करायचं लक्ष्य दिलं, दुसऱ्याला पाच दिवसांचं. तिसऱ्याला सातच दिवसांचं, पण दोन दिवस अडीअडचणीसाठी राखीव. लक्ष्य गाठणारे अनुक्रमे २१, २६ आणि ५३ टक्के. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला प्रत्यक्षात तेवढीच सूट होती. फरक एवढाच, की राखीव दिवस खर्च करताना हात आखडतो, आणि चुकलं तरी गणित मोडत नाही.

आता जामीनदार. कोल्हापुरात ही सोय मानसशास्त्राच्या आधीपासून आहे. तालमीत पहाटे उठून जोर मारणारं पोरगं ‘आज जायचं का?’ असा विचार करत बसत नाही. वेळ ठरलेली, कुस्तीच्या मातीचा हौदा ठरलेला, आणि न गेल्यास वस्ताद विचारणार. पैशाच्या बाबतीत हेच काम भिशी करते. गल्लीतल्या बायका, कारखान्यातले सोबती, दुकानदार दरमहा ठरलेली रक्कम टाकतात, चिठ्ठी निघेल तो रक्कम उचलतो. व्याज बघणाऱ्याला हा व्यवहार खुळेपणाचा वाटतो, कारण ज्याची चिठ्ठी शेवटी निघते त्याला एक पैसा जास्त मिळत नाही. पण केनियातल्या अशाच गटांचा अभ्यास करून मेरी के गुगर्टी यांनी २००७ मध्ये दाखवलं, की लोक त्यात येतात ते एकट्याने बचत होत नाही म्हणून. नैरोबीच्या किबेरा वस्तीत अँडरसन आणि बालँड यांना आणखी एक कारण दिसलं: घरातला पैसा नवऱ्याच्या हाताबाहेर ठेवण्याची बायकांची सोय. हे वाचून आपल्याकडच्या कुठल्याही भिशीवाल्या काकू ‘यात नवीन काय?’ म्हणतील.

पिग्मीचंही, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीचंही, तेच. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये दारात येऊन रोज दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. आज पतसंस्थेचा एजंट दुकानाच्या फळीपाशी उभा राहतो. त्याला ‘आज नाही’ म्हणणं हे गल्ल्यातून पैसे काढण्यापेक्षा जास्त जड जातं. भिशी बुडते, पतसंस्थाही अडचणीत येतात, म्हणून माणसं बघून आणि झेपेल तेवढीच रक्कम गुंतवावी, हे आलंच.

असा जामीनदार पैशाबाहेरही चालतो, पण थोडाच. फिलिपीन्समध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना एका बँकेत पैसे ठेवायला सांगितले. सहा महिन्यांनी लघवीच्या चाचणीत निकोटिन सापडलं तर ते दान होणार. ११ टक्के लोकच तयार झाले. ज्यांना हा पर्याय दिला, त्या गटात सिगारेट सोडणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा साधारण ३ टक्के अंकांनी जास्त निघालं. आकडा छोटा आहे, पण व्यसनाच्या बाबतीत तोही हलका म्हणता येणार नाही.

उरला डिप्लोमा. कार्स्टन रॉश आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासानुसार, हाताबाहेर गेलेलं ध्येय सोडून दुसऱ्यात मन घालू शकणारी माणसं जास्त समाधानी असतात. आपल्या माणसाचा डिप्लोमा हाताबाहेर नाही, फक्त यंदा बसत नाही. तेव्हा बारीक आखणी चालण्याची, पैशाला पिग्मी, आणि अभ्यासाला मुलगी स्वतःच जामीन, कारण बाप पुस्तक घेऊन बसला नाही तर ती हाक मारेल. डिप्लोम्याची फी तिची मार्चची परीक्षा झाल्यावर, पुढच्या प्रवेशाच्या वेळी.