‘मला काही चढत नाही’

पहिला झुरका सहसा वाईटच असतो. घसा खरवडतो, खोकल्याची उबळ येते, डोळ्यांत पाणी येतं, जरा गरगरतं. 14-15 वर्षांचा मुलगा मनात म्हणतो, ‘यात काय ठेवलंय?’ तरीही दोस्त बघतायत म्हणून दुसरा झुरका घेतो. एव्हाना निकोटीन फुफ्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोहोचलेलंही असतं. त्याला लागतात जेमतेम 10 ते 20 सेकंद. घशाला ते अजिबात रुचलेलं नसतं, पण मेंदूने त्याची नोंद घेतलेली असते.

ही नोंद घेण्यात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा आहे. त्याला ‘आनंदाचं रसायन’ म्हणायची पद्धत पडली आहे. माझ्या मते या नावाने व्यसनाबद्दल बराच गैरसमज पसरवला. वोल्फ्राम शुल्त्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग पाहिले की हे कळतं. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात संदेश सोडत. मग रसाच्या आधी दर वेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत पेशी त्या खुणेलाच उसळू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळताना गप्प राहू लागल्या. खूण दिसूनही रस आला नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही मंदावे. म्हणजे डोपामिन सांगतं ते असं: ‘हे लक्षात ठेव, हे पुन्हा मिळव.’

रस ओळखीचा झाला की त्याचं अप्रूप संपतं. नशेच्या पदार्थांचं तसं होत नाही, कारण ते या यंत्रणेतच हात घालतात. निकोटीन डोपामिनच्या पेशींना थेट चेतवतं, दारू आणि अफूजन्य पदार्थ त्यांच्यावरचा लगाम सैल करतात, तर कोकेन बाहेर पडलेलं डोपामिन परत आत जाऊ देत नाही. मेंदूला दर वेळी तोच निरोप मिळतो, की हे फार महत्त्वाचं आहे. मग काडी ओढल्याचा वास, एका ठराविक मित्राचा फोन, गच्चीचा तो कोपरा, एवढ्यानेही तलफ येते. पुढे पुढे तर मजा उरलेली नसते, तरी हवंहवंसं वाटणं मात्र वाढतच जातं. ‘आता आवडतही नाही, पण सुटत नाही,’ असं व्यसनी माणूस म्हणतो तेव्हा तो बहाणा करत नसतो. आवडणं आणि हवंसं वाटणं यांच्या यंत्रणा मेंदूत बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत.

हे कुठल्याही वयात घडू शकतं. पण किशोरवयातला मेंदू शिकण्यात तरबेज असतो आणि नेमकी तीच अडचण होते. या वर्षांत पेशींमधले वापरातले जोड पक्के होतात, बिनवापराचे गळून पडतात. कपाळामागचा भाग, जो मोह आवरतो आणि पुढचा विचार करतो, तो सगळ्यात शेवटी, पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो. भाषा, वाद्य, पोहणं ज्या सहजतेने अंगवळणी पडतं, त्याच सहजतेने तलफही पडते.

गांजाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तो मेंदूवर कसा चालतो याच्या शोधातून 1992 साली जेरुसलेममध्ये, राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत, मेंदूतच तयार होणारा एक रेणू सापडला. त्याला नाव दिलं ‘आनंदामाइड’, आपल्या ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून. हा रेणू ज्या यंत्रणेत काम करतो, ती वाढत्या वयात पेशींची जुळणी घडवायलाही मदत करते. त्या नाजूक कामात बाहेरून गांजाचा मारा करणं किती धोक्याचं, हे वेगळं सांगायला नको.

दारूचा फसवेपणा आणखी निराळा आहे. प्रौढ आणि किशोरवयीन उंदरांना सारख्या प्रमाणात मद्य दिलं, तर प्रौढ लवकर लडखडतात, झोपी जातात. कोवळे मात्र बराच वेळ हिंडत राहतात. ‘मला काही चढत नाही’ ही मुलांची फुशारकी अनेकदा खरीच असते. पण ती ताकद नव्हे. थांबायची सूचना देणारी गुंगी उशिरा येते, म्हणून पोटात जास्त जाते, आणि स्मरणशक्तीवरचा घाला तर या वयात अधिकच जोरात बसतो.

अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, 1997 साली प्रसिद्ध झालेल्या, 15 वर्षांच्या आत दारू सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेलेले आढळले. विशीत किंवा त्यानंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 10 टक्के होतं. हा सगळा फरक केवळ वयाचा नाही. लवकर सुरुवात करणाऱ्या अनेक मुलांच्या घरात आधीच ताण किंवा व्यसन असतं, आणि व्यसनाच्या धोक्यात जवळजवळ निम्मा वाटा अनुवंशाचा असतो. ‘एक घोट घेतलास की संपलास’ असं मुलांना सांगू नये, असं मला मनापासून वाटतं. शेजारचा मित्र घोट घेऊनही ठणठणीत दिसतो, आणि मग आपण सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरूनही त्यांचा विश्वास उडतो.

त्या बघणाऱ्या दोस्तांचंही मोजमाप झालं आहे. 2005 सालच्या एका प्रयोगात मुलांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुलं एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत. प्रौढांना मात्र कुणी बघत असलं-नसलं तरी फरक पडला नाही.

आइसलँडने हे ओळखून संध्याकाळच्या वेळेकडे लक्ष दिलं. 1998 मध्ये तिथल्या 15-16 वर्षांच्या 42 टक्के मुलांनी मागच्या महिनाभरात दारूची झिंग अनुभवली होती. 2016 मध्ये हा आकडा 5 टक्क्यांवर आला. सगळं श्रेय एकाच उपायाला देता येणार नाही. 18 वर्षांखालच्यांना तंबाखू आणि 20 वर्षांखालच्यांना दारू विकायची नाही, असे कायदे झाले. आईवडिलांनी मुलांसोबत जास्त वेळ घालवावा, म्हणून शाळांमधून त्यांना एकत्र आणलं गेलं. खेळ, संगीत, नृत्य यांच्या वर्गांसाठी कुटुंबांना पैसे दिले गेले, म्हणजे दोस्तांची टोळी रोज संध्याकाळी तिथेच, प्रशिक्षकासमोर, घाम गाळत भेटायची.