केशराचे कंद नुसत्या पाण्याने कुजत नाहीत

‘केशराचा कंद कुजला म्हणजे पाणी जास्त झालं’ हे इतक्यांदा ऐकलंय की खरंच वाटायला लागतं. आहे ते अर्धंच खरं. पाणी साचलं की कूज फोफावते, पण कुजवते ती बुरशी. काश्मीरच्या पांपोरमध्ये मुख्यतः फ्युजेरियम नावाची.

कंद हातात घेऊन वरची तपकिरी, जाळीदार साल सोला. मुळांपाशी किंवा डोळ्याजवळ काळपट, आत दबलेले डाग दिसले तर तो कंद गेला समजा. वरून मात्र तो अगदी ठणठणीत दिसतो, आणि खरी गोम इथेच आहे. केशराला बी धरत नाही, लागवड कंदांनीच होते. त्यामुळे रोगही बेण्यासोबतच नव्या शेतात जातो. काढताना फावड्याचा घाव बसलेला कंद तर बुरशीला उघडं दारच. पाणी कितीही बेतानं द्या, बेणं रोगट असेल तर उपयोग शून्य. पुण्यात बंद खोलीत केशर घेणाऱ्यांनाही हे लागू.

हे काही नवं ज्ञान नाही बरं का. फ्रान्समधल्या गातिने भागात केशराची शेतं गोल चट्ट्यांनी मरत. तिथला रोग वेगळा, जांभळ्या बुरशीचा. 1728 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ द्युआमेल द्यू मोंसो यांनी दाखवून दिलं, की तो एका कंदावरून दुसऱ्यावर पसरतो. उपाय म्हणून चट्ट्याभोवती चर खणायचा आणि माती आतल्या बाजूलाच टाकायची. बाहेर पडलेली फावडंभर मातीही निरोगी शेत बाधवायला पुरे.