जुनी शमादानं, समया, बिदरी : लिलावाला देण्याआधी वाचा

घरातली जुनी वस्तू लिलावाला द्यायची ठरली की बहुतेक जण आधी ती लख्ख घासतात. कृपा करून तेवढं करू नका. चिंच, लिंबू, राख, बाजारातली पावडर, काहीच लावू नका. पितळेवर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी रंग हा तिच्या वयाचा पुरावा असतो आणि जाणता गिऱ्हाईक त्याचेच पैसे मोजतो. बिदरीचं नुकसान तर भरूनच येत नाही. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेल्या या भांड्यांवर चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर वापरून पृष्ठभाग काळा करतात. चांदी तेवढी पांढरी राहते. काळा थर घासला गेला की खाली राखाडी जस्त उघडं पडतं आणि हुक्क्याचं असो वा पानदानाचं, नक्षीकाम विरून जातं. मऊ फडक्यानं धूळ पुसलीत तरी पुरे.

शमादानं म्हणजे मेणबत्तीची उभी स्टँड. जालना आणि औरंगाबादला इंग्रजी फौजेच्या छावण्या होत्या, त्यामुळे विलायती शमादानं मराठवाड्यातल्या वाड्यांमधून अजून निघतात. ती पारखायची कशी? अठराव्या शतकातल्या बऱ्याच इंग्लिश पितळी शमादानांचा दांडा दोन अर्ध्या भागांत ओतून जोडलेला असतो. दांड्यावर तोंडाची वाफ सोडली तर जोडाची उभी रेघ क्षणभर दिसते. दांड्याच्या आत मेणबत्तीचं थोटूक वर ढकलायची सळई असेल, तर माल बहुधा एकोणिसाव्या शतकातला. तळाला ‘इंग्लंड’ असा शिक्का असेल तर तो साधारण १८९१ नंतरचा, कारण त्या वर्षापासून अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ई.पी.एन.एस. अशी अक्षरं असली तर ती चांदी नव्हे, चांदीचा मुलामा आहे. त्याउलट तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून केलेल्या जुन्या शेफील्ड प्लेटच्या झिजलेल्या कडांवर खालचं तांबं डोकावतं. ते तसंच राहू द्या, नवा मुलामा देऊन किंमत घालवू नका. खऱ्या चांदीच्या शमादानांचाही तळ अनेकदा राळ किंवा प्लास्टरनं भरलेला असतो, म्हणून सराफाच्या काट्यावरच्या वजनाला काही अर्थ नाही.

शमादान जोडीनं विकलं जातं. सुट्याच्या दुपटीहून जोडीला जास्त भाव येतो. वाटणीत एक थोरल्याकडे आणि एक धाकट्याकडे गेलं असेल तर आधी भावाशी बोला, मग आमच्या लिलावघरात या. घरची वस्तू सामाईक असली तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आम्ही घेतोच. पुढच्या भांडणात आम्हाला साक्षीदार व्हायचं नाही.

आता कायद्याचं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. तिच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो, मूर्ती आणि चित्रांसारख्या काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे आणि अशी कुठलीच जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाला पाठवायची म्हणून कोणी बोली लावू नये. हस्तिदंत आम्ही हातातही धरत नाही. देवळाचे दिवे, समया, घंटा घेत नाही, पुजाऱ्यानं आणल्या तरी. तेर, पैठण, भोकरदनकडे नांगराला किंवा पाया खणताना काही लागलं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते आमच्या दुकानात आणायचं नसतं. अशा वस्तू बघायची हौस असेल तर तेरचं लामतुरे वस्तुसंग्रहालय आहेच.

चारमिनारचा हाली सिक्का घेऊन रोज कोणी ना कोणी येतं. निजामाचा रुपया मराठवाड्यात घरोघरी होता, म्हणून साध्या नाण्याला चांदीच्या भावाच्या थोडं वर मिळतं, लाख नाही. ‘तुमच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, आधी अनामत भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनंही लोकांना अशा फसवणुकीबद्दल सावध केलं आहे. ‘तांदूळ ओढणारं तांबं’ म्हणजे चमत्काराच्या नावाखाली चालणारी निव्वळ फसवणूक, ते विकायला आलेल्यांना आम्ही चहाही देत नाही.

लिलावाची रीत सोपी आहे. वस्तू बघून आम्ही अंदाजे भाव सांगतो आणि तुमच्याशी बोलून राखीव किंमत लिहून ठेवतो. बोली त्याखाली राहिली तर वस्तू तुमची तुम्हाला परत. आमची दलाली विक्री झाली तरच. घेणाऱ्यांसाठी आदल्या दिवशी मांडणी खुली असते. हातात घेऊन, उलटी करून बघा, कारण तिसरा पुकारा झाल्यावर ‘इथे चीर आहे’ ही तक्रार चालत नाही. यादीत ‘व्हिक्टोरियन शैलीचं’ लिहिलं असेल तर वस्तू व्हिक्टोरिया राणीच्या काळातली नव्हे, नंतरची आहे. मुरादाबादला असा माल आजही उत्तम बनतो, पण भाव त्याच हिशेबानं लावा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, बँकेतूनच द्यावी लागेल.

यायच्या आधी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा: एक समोरून, एक तळाचा, एक शिक्क्याचा जवळून, शेजारी दहाचं नाणं ठेवून. फ्लॅश नको, दुपारी खिडकीपाशी काढा. वस्तू कोणाकडून आली, आजोळहून की सासरहून, तेही दोन ओळींत लिहा. जुनी पावती, लग्नातला फोटो काही सापडलं तर सोबत आणा. घरच्या सुती साडीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम सुटून डाग पडतात.