खुलासा: ‘ड’ जीवनसत्त्वाने एमएस बरा होतो का?

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेच एमएस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा दीर्घकाळचा आजार असलेल्यांना वर्षानुवर्षे एक सल्ला मिळत आला आहे: ‘ड’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस घ्या, बाकी औषधं लागणार नाहीत. हे खरं नाही.

समजुतीचं मूळ मात्र खोटं नाही. रक्तात ‘ड’ कमी असलेल्यांना पुढे एमएस होण्याचा धोका जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण धोका वेगळा आणि जडलेल्या आजारावरचा उपचार वेगळा. अमेरिकेतल्या ‘विडॅम्स’ चाचणीत (२०२३) नेहमीच्या औषधासोबत काहींना रोज ६००, तर काहींना ५००० आययू (जीवनसत्त्व मोजण्याचं एकक) ‘ड’ दिलं. आजार पुन्हा उफाळण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. २०२५च्या फ्रान्समधल्या चाचणीत, पहिलीच लक्षणं दिसलेल्या आणि दुसरं औषध सुरू नसलेल्या रुग्णांना दर पंधरवड्याला एक लाख आययू दिले. त्यांच्यात आजार सक्रिय राहण्याचं प्रमाण सुमारे ६० टक्के होतं, इतरांत ७४. हे आशादायक आहेच. पण फरक मुख्यतः एमआरआयवर दिसला, आणि निम्म्याहून अधिकांचा आजार ‘ड’ घेऊनही थांबला नाही.

मनाने वाढवलेला डोस निरुपद्रवी नसतो. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ होते, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. थकवाही येतो, आणि तो एमएसचाच समजला जाण्याची भीती असते. कमतरता असेल तर जरूर भरून काढा. रक्त तपासून, डॉक्टरांना डोस विचारून, आणि कृपा करून चालू औषध न थांबवता.